पूजेतला नट आणि दुसरी किल्ली

ट्रकचं ऑइल कुणी बदलायचं यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी जमिनीवरून भावाभावांत होत नसतील. एका बाजूला माझे सासरे, दुसऱ्या बाजूला माझे यजमान आणि मधे मी, पिठानं भरलेल्या हातांनी दोघांची तोंडं बघत उभी. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. यजमानांना काहीच म्हणायची नाही, तेव्हा तशी पद्धतच होती. "अहो" म्हटलं तरी सासूबाई डोळे वटारायच्या.

मामा आधी बैलगाडीवाले. सोलापूर स्टेशनावरून सुताच्या गाठी विणकरांच्या गल्ल्यांत पोचवायचे. दुष्काळात वैरण मिळेना, तेव्हा त्यांनी बैलजोडी विकली. ती विकून आल्यावर ते दोन वेळा जेवले नाहीत, असं सासूबाई सांगायच्या. पुढं त्याच पैशात बरीच भर घालून जुना ट्रक घेतला. तो चालवायचे माझे यजमान. सूत, चादरी, मंगळवेढ्याची ज्वारी, जे मिळेल ते भाडं. घरातल्या सगळ्यांची भाकरी त्या एका इंजिनावर होती, त्याला काही झालं असतं तर आम्ही उघड्यावर आलो असतो.

ट्रक दारात येऊन उभा राहिला की किल्ली मामांच्या हातात द्यायची, हा घरचा नियम. पूर्वी रात्री बैलांची दावी तेच बांधायचे, सकाळी तेच सोडायचे, तसंच हे. आणि ऑइलही तेच बदलायचे. ट्रकखाली पोतं टाकून आडवे व्हायचे, इंजिनाच्या पोटाचा, म्हणजे चेंबरचा, नट काढायचे आणि खाली घमेलं ठेवून द्यायचे. मग ते काळं तेल दिवसभर, रात्रभर गळू द्यायचे. "थेंब न् थेंब भाईर पडला पायजे," म्हणायचे. "जुनं आत ऱ्हायलं की नवं बी नासतं." गळलेलं तेल डब्यात भरून ठेवायचे. मेंढरांच्या खरजेला लावायला धनगर ते मागून न्यायचे.

यजमानांना हे बघवायचं नाही. "नाक्यावरचा मिस्त्री चहा पिऊन होईस्तवर हे काम करतो," असं ते मला चुलीपाशी येऊन सांगायचे. वडिलांना तोंडावर बोलायची छाती नव्हती ना! "दोन दिवस गाडी उभी राहते. आणि नट नीट आवळला नाही म्हणजे? बार्शीच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं म्हणजे? बैलगाडीचा आस आहे का हा, वंगण फासलं की झालं?" मी म्हणायची, मला कशाला सांगता, तिकडं सांगा. मग तंबाखू मळत बाहेर जायचे.

त्या वर्षी खंडेनवमीला मामांनी नेमकं ऑइल काढलं. सकाळीच नट काढला, घमेलं लावलं, वरून पोतं झाकलं. नट रॉकेलनं धुऊन चकचकीत केला. आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पूजेला मांडतात. विळी, कोयता, पाने, जॅक. मामांनी त्या रांगेत नट ठेवला आणि त्याच्याशेजारी ट्रकची किल्ली. हळदकुंकू, झेंडू, ऊद. एकदा पूजा झाली की दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही. हलवलं तर वर्षभर त्या लोखंडाला बरकत नाही. नव्या ऑइलचा सीलबंद डबा ओट्यावर तयार होता. सोनं वाटून झालं की नट बसवायचा, डबा ओतायचा, असा मामांचा बेत.

यजमान त्या दिवशी घरी नव्हते. भाड्याच्या बोलणीसाठी ते कुर्डुवाडीला गेले होते. दसऱ्याला सकाळच्या गाडीनं आले ते हवेतच. गल्लीतल्या सगळ्यांना म्हणे कबूल करून बसले होते, यंदा सीमोल्लंघनाला सगळ्यांना ट्रकमधून नेतो!

"किल्ली द्या," ते म्हणाले.

"पूजेत हाय," मामा म्हणाले. "गाडी आज हलवायची न्हाय. चालत जाऊ की."

"सगळ्यांना सांगून ठेवलंय मी."

"मग सांग, पूजेत हाय म्हणून."

बस. मामांच्या हिशेबी एवढं पुरे होतं. पूजेतल्या किल्लीला कोण हात लावतंय? म्हणून तर त्यांनी ती तिथं ठेवली होती. इंजिनाचं पोट उघडं आहे हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही, आणि यजमानांनी विचारलं नाही. बापलेकांचं बोलणं हे असं, दोघंही अर्धंच बोलणार! मला वाटलं सांगितलं असेल. मी पुरणाकडं वळले. मामा देवळात गेले, यजमान सायकल काढून कुठंतरी निघून गेले.

पुरण वाटत होते तोवर गल्लीत कालवा सुरू झाला. उसाच्या शेंड्यांची दोन वाढी बांधलेला आमचा ट्रक, त्याच्या मागच्या हौद्यात पोरंटोरं, बाया, शेजारच्या विणकर घरातली म्हातारी, सगळी चढलेली. आणि इंजिन सुरू! मी जागच्या जागी थिजले. किल्ली पूजेत, मग गाडी सुरू कशी? भूत बसलंय की काय आत? माझं डोकंच चालेना.

ट्रक पुढं सरकला, पोतं ओढलं गेलं आणि खालचं घमेलं उघडं पडलं. काठोकाठ काळं तेल. मी ओट्यावर बघितलं. डब्याचं सील तसंच. अय्यो देवरे! रिकाम्या पोटानं इंजिन पळत होतं.

मी देवघरात धावले. नट तिथंच, कुंकवानं माखलेला. उचलला. सासूबाई "शिव शिव शिव!" करून किंचाळल्या. सुनेनं पूजेतलं लोखंड उचललं, त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. मी थांबले नाही. डोक्यावरचा पदर कुठं पडला कळलं नाही. अनवाणी पळत ट्रकच्या पुढं गेले आणि दोन्ही हात पसरून उभी राहिले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, "अहो" गर्दीत ऐकू जायचं नाही. माझ्या तोंडून माहेरची कानडीच बाहेर पडली, "निल्स्रीऽ! निल्स्रीऽ! थांबवाऽ! बंद करा मेलं ते!"

ब्रेक असा लागला की मागच्या बाया एकमेकींवर आपटल्या. मी बॉनेटवर नट ठाणकन आपटला. "हे काय आहे ते बघा!"

यजमानांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, नट बघितला, माझ्याकडं बघितलं. चेहरा पार पांढराफटक. गल्लीतली माणसं ट्रकच्या फळ्यांवरून वाकून बघायला लागली. अक्कलकोटची ती गरीब सून भर दसऱ्याला डोकं उघडं टाकून नवऱ्यावर ओरडते, हे बघून त्यांना काय वाटलं असेल ते असो. मी नट परत उचलला आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

मामा तेवढ्यात देवळातून आले. कपाळाला भस्म. गाडी रस्त्यात तिरकी उभी, सुनेच्या हातात नट. त्यांना सगळं कळलं असणार. मला वाटलं आता इंजिनासाठी आकांत करतील. त्यांनी इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ केबिनमध्ये डोकावले आणि गाडी सुरू करायच्या खटक्यातली किल्ली काढून हातात धरली.

"ही कुटली?"

यजमान बॉनेटवरचं कुंकू पुसायला लागले.

"माजी किल्ली पूजेत हाय. ही कुटली रं?"

"मिस्त्रीकडं असते," यजमान खाली मान घालून म्हणाले. "करून घेतली होती."

"मिस्त्रीला कशाला पायजे किल्ली?"

आणि मग ते बाहेर आलं. मामा ऑइल बदलत, यजमान गाडी घेऊन निघत, आणि नाक्यावर मिस्त्रीच्या ताब्यात देऊन माल ठरवायला जात. मामांनी घातलेलं ऑइल काढून परत नवं घालायचं, हे मिस्त्रीला सांगून ठेवलेलं. मामांची किल्ली परक्या हाती द्यायची नाही, म्हणून त्याच्यासाठी ही दुसरी. एकदा नाही, दरवेळी! मी त्या माणसाबरोबर संसार करत होते, एका ताटात जेवत होते, मला पत्ता नाही! रागानं माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या.

मामांचं तोंड उघडं राहिलं होतं, ते मिटायचंही त्यांना सुचलं नाही. किल्ली परत खटक्यात लावली आणि घरात गेले.

यजमानांनी कुणालातरी पाठवून मिस्त्रीला बोलावून घेतलं. तो नव्या कपड्यांतच आला, सोनं घ्यायला आल्यासारखा. खाली शिरून बघितलं, नट बसवला, नवं ऑइल ओतलं, कान लावून इंजिन सुरू केलं.

"बच गया," तो म्हणाला. "थोडा और चलता तो खतम था."

"आता यापुढं सगळं तूच करायचं," यजमान म्हणाले. "मागं करत होतास तसंच."

मिस्त्री हात पुसता पुसता थांबला. माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं आणि चक्क हसला. "मैं कब करता था? अब्बा का डाला हुआ तेल शीशे के माफिक साफ रहता. अच्छा तेल कायकू फेंकना? तेल नापने की पट्टी निकालके देखता, बॉनेट बंद करता, बैठता."

"आणि पैसे?" मी विचारलं. मला राहवेना.

"वो तो ये देते-च थे ना भाभी."

मेला! वर तोंड करून सांगतो! यजमान बॉनेटला धरून उभे होते. इतके दिवस मिस्त्रीच्या हातचं म्हणून ज्या इंजिनाच्या भरवशावर ते घाट चढत होते, त्यात थेंब न् थेंब बापाच्या हातचा होता. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मी तशीच घरात पळाले.

मामा पूजेपुढं बसले होते. नटाची जागा रिकामी, कुंकवात त्याचा गोल तेवढा उरलेला. मी खाली बसून सगळं सांगितलं. म्हटलं, मामा, मिस्त्रीनं कधी हातच लावला नाही, गाडी आजपर्यंत तुमच्याच तेलावर पळाली!

ते ऐकत राहिले. मला वाटलं आता चेहरा खुलेल.

"व्हय?" ते म्हणाले. "पर पोराला ते ठावं नव्हतं की."

पूजेतली किल्ली त्यांनी उचलली, सोनं लुटायच्या आधीच, आणि माझ्या हातात दिली. "तुज्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाले. सासूबाई दारातून बघत होत्या, पण ह्यावेळी "शिव शिव" म्हणाल्या नाहीत.

पुढं ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा यजमान मिस्त्रीकडं गेले नाहीत. ट्रक दारात लावला, घमेलं आणलं, पोतं स्वतःच्या हातानं अंथरलं. माझ्याकडून किल्ली मागून घेतली, ओट्याजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आप्पा, चला की. ऑइल काढायचंय."

मामा बाजेवर पडून होते. उठले नाहीत.

"मिस्त्रीकडं ने," ते म्हणाले. "मला आता वाकवत न्हाय."

यजमानांनी मग पोतं झटकलं, घडी घातली आणि गाडी नाक्यावर घेऊन गेले. मी चुलीपुढं बसून जाळ करत होते. त्या जाळातलं सगळं लाकूड मामांनी त्याच सकाळी वाकून वाकून फोडून दिलं होतं.