एकदाच सांगणारी बाई

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत कॉम्प्युटरवर छपाईसाठी पुस्तकांची पानं जुळवायचं एक ऑफिस आहे. मी तिथे चहा करते. तिथली एक बाई मशीनशी पोराशी बोलावं तशी बोलते. "शहाण्यासारखं कर रे," म्हणते आणि तोंडात बडीशेप टाकते.

बाकीच्या मुली प्रत्येक मथळ्याआधी अक्षर केवढं, जाड की बारीक, वर जागा किती, हे सगळं पुन्हा पुन्हा टाइप करतात. ही ते पुस्तकाच्या सुरुवातीला एकदाच लिहिते आणि त्याला दोन अक्षरांचं नाव देते. पुढे मथळा आला की नुसतं ते नाव. मला म्हणाली, "मावशी, एकदा नीट सांगितलं की परत परत कशाला सांगायचं?"

एका शनिवारी गिऱ्हाइकाला या बाईने जुळवलेल्या जाडजूड पुस्तकातले सगळे मथळे मोठे करून हवे होते. मालक म्हणाले, "उद्या रविवारी सगळ्यांनी यायचं. जी येणार नाही, तिने सोमवारीही येऊ नये."

ती बाई म्हणाली, "कुणी येणार नाही." तिने सुरुवातीची ती एक ओळ बदलली आणि पानं छापायला लावली. प्रत्येक मथळा मोठा होऊन बाहेर आला.

मालकांनी पानं उलटसुलट करून पाहिली. "तरी तपासायला ये."

"तपासायला डोळे लागतात, साहेब. तुम्हाला आहेत ना?" म्हणत तिने चपला घातल्या.

मलाही रविवारी चहाला बोलावलं होतं. मालकांपुढे माझा आवाज कधी फुटत नाही. मी किटली धुऊन पालथी घातली आणि म्हटलं, "साहेब, उद्या मी पण नाही."