नुसती मुलगी

नकुसा. शिवी नव्हे, आईबापाने पोटच्या पोरीला ठेवलेलं नाव आहे हे. चौथीही मुलगीच झाली, नको होती, म्हणून नकुसा. साताऱ्याकडच्या ज्या शहाण्यांनी ही रीत काढली, त्यांनी एकदा ते नाव स्वतःला लावून बाजारात फिरून दाखवावं!

नवरा दत्ताराम आखातात, रिफा शहरात एका आयरिश साहेबाचा ड्रायव्हर, ही त्याच बंगल्यात आया. १९७६ साली दिवस गेले तेव्हा तिने एकच ठरवलं, मुलगी झाली तर तिच्या नावात असलं काही असणार नाही.

मॅडम आपल्या छोकरीला लाडाने 'कॉलीन' म्हणायची.

"मॅडम, इसका मतलब?"

"लडकी."

"बस? अच्छी-बुरी कुछ नहीं?"

मॅडम हसली. जुन्या आयरिश भाषेतला शब्द. तिकडे नाव म्हणून फारसं कुणी ठेवत नाही. देश सोडून गेलेल्यांनी मात्र मुलींना तेच नाव दिलं.

नुसती मुलगी! नकुसाच्या काळजात ते जाऊन बसलं. लेक झाली, तिचं नाव कॉलीन.

पुढे मॅडम मायदेशी गेली. नव्या साहेबाला क्वार्टरमध्ये मूल चालेना. दत्तारामने तान्ही पोर गावी आईकडे नेऊन सोडली.

"काळीन?" गंगूबाई म्हणाल्या. "आरं, काळी हाय ते दिसतंय की! नावात कशाला सांगायचं?"

झालं! साऱ्या आळीची ती काळी. दत्ताराम आईपुढे बोलला नाही, आणि बायकोपुढेही नाही.

१९८२ साली तिकडेच, मुहर्रक गावात स्वतःची खोली झाली, तेव्हा त्याने पोरीला आणलं. विमानतळावर तो "काळे, चल" म्हणाला आणि नकुसाला सगळं कळलं.

"आत्याबाईंनी हे केलं, आणि तुम्ही गप बसलात? माझ्या तोंडून ते नाव यायचं न्हाय."

तिने रोज 'कॉलीन' अशा हाका मारल्या. पोरगी वळून बघेना. हाक शेजारच्या कुणाला असेल, अशी आपल्याच नादात.

एके दुपारी ती गल्लीतून रस्त्याकडे पळाली. समोरून पिकअप येत होता.

"कॉलीन! ए कॉलीन!"

पोरगी थांबेना.

"काळे!"

ती जागीच थांबली. पिकअप हॉर्न मारत पुढून गेला.

नकुसाने धावत जाऊन तिला पोटाशी धरलं. पोरीने मान वर केली. चेहरा उजळलेला.

"तुला म्हाईत हाय व्हय माझं नाव?"