न मिळालेली अवस्था

एम.एस्सी. झाल्यावर मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा मी नेमकं काय करणार हे घरी कोणालाच नीट कळलं नाही. आई शेजारणींना सांगायची, "सायन्समध्ये पुढचं शिकते आहे." वटवाघूळ हा शब्द तिनं कधी तोंडातून काढला नाही. दिवेलागणीला तर मुळीच नाही.

सत्तर सालाच्या आगेमागे आमच्या प्राणिशास्त्र विभागात माझ्या मार्गदर्शक सरांचं एकच काम चालू होतं. वटवाघळाचा गर्भ पहिल्या दिवसापासून जन्मापर्यंत कसा वाढतो, ते टप्प्याटप्प्यानं बघायचं. त्यांनी जी जात घेतली होती ती उंदराएवढी, लांब शेपटीची. या जातीच्या सगळ्या माद्या वर्षातून एकदाच, मार्च महिन्यात, जवळपास एकाच सुमाराला गाभण राहतात. जुलैत प्रत्येकीला एक पिल्लू होतं. एकच. सरांनी पंधरा वर्षं दर महिन्याला माद्या आणून, त्यांच्या गर्भाशयाचे पातळ काप काढून, स्लाइड बनवून लाकडी कपाटात लावून ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला ते कपाट उघडून दाखवलं. मार्चच्या कप्प्यात मध्येच एक खण रिकामा होता.

"गर्भ अंडनलिकेतून खाली उतरतो आणि गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतो," सर म्हणाले, "ते पाच-सहा दिवस माझ्याकडे नाहीत. गर्भाला पोसणारी वार कशी धरते, ते सगळं तिथंच ठरतं. दर वर्षी मी एक तर लवकर जातो, नाही तर उशिरा. तू ते आण. तेवढं आणलंस तरी तुझा प्रबंध झाला."

मला ते फार सोपं वाटलं.

वटवाघळं असायची खापरखेड्याच्या पुढे, एका बंद पडलेल्या खाणीच्या बोगद्यात. बसमधून उतरून दोनेक मैल चालावं लागायचं. माझ्यासोबत विभागातले अटेंडंट यायचे. त्यांना सगळे मामाच म्हणत. पन्नाशीचे, कळमेश्वरकडचे, घरची तूर-ज्वारी करून नोकरी करणारे. लांब काठीला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवून त्यांनी स्वतः जाळी केली होती. जाळीतून मादी काढली की ते अंगठ्यानं तिचं पोट हलकंच दाबून बघत आणि सांगत, "ही पोटुशी आहे बाई," किंवा "ही नाही." त्यांचं सहसा चुकत नसे.

पहिल्यांदा गेले तो जुलै होता. मामांनी बॅटरी वर धरली आणि मला छत दिसलंच नाही. दिसलं ते एक करडं, सळसळणारं कातडं. इथून तिथवर नुसती वटवाघळं. वास डोक्यात जाणारा, पायाखाली लेंड्यांचा भुसभुशीत थर. त्या दिवशी आणलेल्या माद्यांपैकी एकीच्या छातीला पिल्लू चिकटलेलं होतं. क्लोरोफॉर्म दिल्यावर आई सैल पडली, पिल्लानं मात्र सोडलं नाही. आम्हाला पिल्लू नको होतं. ते मी कापसात गुंडाळून टेबलावर ठेवलं आणि ड्रॉपरनं दूध पाजायचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत ते गेलं. मामा म्हणाले, "बाई, याचं वाईट वाटून घ्याल तर हे काम नाही जमणार तुमाले." मी वाईट वाटून घेतलं नाही. ती सवय मला फार लवकर लागली, हे आज लिहिताना खुपतं.

बोगद्याच्या तोंडाशी एका झोपडीत एक म्हातारी बाई राहायची. तिचा नवरा खाण चालू असताना तिथं कामाला होता. ती आम्हाला पाणी द्यायची आणि दर वेळी तेच विचारायची.

"काहून वं पोरी, हे घाण पाखरं नेऊन काय करतं तू?"

"अभ्यास करते आजी."

"मरेल पाखराचा कायचा अभ्यास वं?"

मामा हसायचे. मीही हसायची.

पहिल्या मार्चमध्ये आम्ही सरांच्या पद्धतीनं आठवड्यातून एकदा गेलो. एका सोमवारच्या माद्यांमध्ये काहीच नव्हतं. पुढच्या सोमवारच्या माद्यांमध्ये गर्भ भिंतीत पक्का रुतून बसला होता. जे हवं होतं ते मधल्या सात दिवसांत होऊन गेलं होतं. आता वर्षभर थांबणं आलं. त्या वर्षात मी दर महिन्याला बोगद्यात जाऊन इतर अवस्थांचे नमुने आणत राहिले. गरज असो नसो, हाताशी असावेत म्हणून दहाच्या जागी पंधरा-वीस माद्या आणत राहिले.

दुसऱ्या मार्चमध्ये मी ठरवलं, रोज जायचं. सलग अकरा दिवस मी आणि मामा सकाळच्या बसनं गेलो. रोज सहा-सात माद्या. प्रत्येक दिवसाची वेगळी बाटली, वर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. नमुने टिकवायचं ते पिवळं द्रावण बोटांना इतकं चढलं होतं की साबणानंही निघेना. त्याच महिन्यात मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या काकूंनी माझे हात बघितले आणि म्हणाल्या, "अगं बाई, हिला तर आधीच हळद लागली!" सगळे हसले. लग्न ठरलं नाही, पण आईनं ते हसणं शुभ मानलं.

या वेळी मला खात्री होती. अकरा दिवसांत तो टप्पा कुठे ना कुठे सापडणारच होता. काप काढण्याआधी नमुने वितळलेल्या मेणात मुरवावे लागतात. सर म्हणाले होते, "सगळं एकदम मेणात घालू नकोस. अर्धं आता कर, अर्धं राहू दे." मी ऐकलं नाही. होळीचा दिवस होता, सुट्टीआधी काम उरकायचं होतं. अकराही दिवसांचे नमुने मी एकाच वेळी मेणाच्या ओव्हनमध्ये ठेवले आणि पुरणपोळीचं जेवायला घरी गेले. दोन तासांत परतले तर व्हरांड्यातच जळकट वास आला. ओव्हनचा तापमान राखणारा खटका अडकला होता. आत मेण उकळत होतं. एकेक भांडं बाहेर काढलं. गर्भाशयांचे भाजलेल्या फुटाण्यांसारखे कडक तपकिरी खडे झाले होते. त्यांचे काप निघणं शक्यच नव्हतं. तरी मी दोन दिवस काप काढायच्या यंत्रावर प्रयत्न केले. चुरा पडत होता.

सरांनी आपल्या खुर्चीत बसून एक खडा बोटांत धरला, उजेडात बघितला आणि परत भांड्यात ठेवला. "पुढच्या वर्षी," म्हणाले.

तिसऱ्या मार्चला माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. लग्नही ठरलं होतं, मे महिन्यातलं. सासरच्यांनी शिकायला हरकत घेतली नव्हती, पण बोगद्यात जायला घेतली होती. म्हणजे जे काय करायचं ते त्याच महिन्यात.

पहिल्या दिवशी मामांनी बॅटरी वर धरली आणि बराच वेळ खाली केली नाही.

"बाई, तुमाले एक गोष्ट सांगू? यंदा नका घेऊ."

"काहून?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"वर पाहा ना. पहिले छत दिसत नव्हतं. आता दगड दिसून राहिला."

मी बघितलं. काळ्या दगडावर इथे चार, तिथे पाच अशी वटवाघळं लटकली होती. मोजता येत होती.

"एक साल जाऊ द्या," मामा म्हणाले. "त्याईले थोडं वाढू द्या. एकेकीले एकच पिल्लू होते, तुमीच सांगता."

"मामा, माझी मुदत संपते आहे."

"तुमची संपून राहिली, तशी त्याईची बी संपून राहिली."

त्या दिवशी आम्ही काही न घेता परतलो. मी सरांकडे गेले आणि मामांचं म्हणणं सांगितलं. सर ऐकत होते. त्यांच्या टेबलावर मार्चचा कप्पा उघडा होता, कदाचित योगायोगानं असेल. मग ते म्हणाले, "तू ठरव."

मी घरी चालत आले. रस्ताभर स्वतःला समजावत होते. दुसरीकडे कुठे तरी आणखी वस्त्या असतीलच. आम्ही नाही नेली तर घुबडं नेतील, साप नेतील. एवढी तीन वर्षं गेली, एवढ्या माद्या गेल्या, त्या वाया कशा जाऊ द्यायच्या? हे शेवटचं कारण मला त्या वेळी सगळ्यात पक्कं वाटलं होतं. वाया जाऊ नयेत म्हणून आणखी मारायच्या.

दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हटलं, "चला." त्यांनी काठी उचलली. विभागात त्यांचं काम सांगितलेलं करायचं होतं आणि सांगणारी मी होते.

आठ दिवसांत आम्ही बावीस माद्या आणल्या. शेवटच्या दिवशी बोगद्यात तीन उरल्या होत्या. त्यातल्या दोन जाळीत आल्या. तिसरी बोगद्याच्या आतल्या अंगाला उडून गेली आणि मामांनी जाळी खाली टेकवली. "ते राहू द्या," म्हणाले. मी पिशवीचं तोंड बांधलं.

या वेळी मी नमुने थोडे-थोडे करून मेणात घातले. ओव्हनजवळून हलले नाही. काप छान आले, एकमेकांना जोडलेल्या लांब फिती. निळा-गुलाबी रंगही सुरेख चढला. मग मी सूक्ष्मदर्शकाशी बसले. पहिल्या दिवसाची मादी, रिकामी. दुसऱ्या दिवसाची, रिकामी. नलिका बघितली, गर्भाशयाचे शिंगांसारखे दोन्ही फाटे बघितले, एकही काप सोडला नाही. पाचव्या दिवसाची रिकामी. आठव्या दिवसाचीही रिकामी. बावीसपैकी एकीतही गर्भ नव्हता. मी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

तीन आठवड्यांनी मी सरांना बोलावलं. त्यांनी उभ्यानंच काही स्लाइड बघितल्या, मग खुर्ची ओढून बाकीच्या बघितल्या.

"यंदा त्या गाभणच राहिल्या नाहीत," ते म्हणाले.

"का सर?"

"नर उरले नसतील. किंवा वस्ती इतकी लहान झाली की त्यांचं काही जुळलंच नाही. आपल्याला माहीत नाही." मग म्हणाले, "आता कळणारही नाही."

लग्न झालं. जुलैत, नवऱ्याला न सांगता, मी मामांना घेऊन एकदा बोगद्यात गेले. एखादी मादी तरी पिल्लू घेऊन बसली असेल असं वाटत होतं. मामांनी बॅटरी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. दगडच दिसला. लेंड्यांचा थर वाळून पापुद्रे धरू लागला होता. वासही उरला नव्हता. झोपडीतल्या आजीनं पाणी दिलं आणि म्हणाली, "गेली एकदाची. बरं झालं वं माय, लई घाण करत होती."

परतताना बस येताना दिसली तेव्हा मामा म्हणाले, "मी तुमाले जोर लावून सांगाले पाहिजे होतं." मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं मामा." त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं.

"एकही नाही?"

"नाही सर."

त्यांनी मला रागवावं अशी माझी फार इच्छा होती. ते खिडकीकडे बघत राहिले. "पंधरा वर्षं मी नेली," म्हणाले. "मला कधी मोजावंसं वाटलं नाही." मग त्यांनी प्रबंधाचं बोलणं काढलं. पुढे कोणत्या प्रकरणात काय घ्यायचं, हे ते शांतपणे सांगत होते आणि मी लिहून घेत होते. वटवाघळांचा विषय आमच्यात परत कधीच निघाला नाही.

प्रबंधात मी एक वाक्य लिहिलं की गर्भ भिंतीला चिकटण्याच्या आरंभीच्या अवस्था मिळू शकल्या नाहीत. मूळ इंग्रजी वाक्य अगदी सभ्य होतं. त्यात कोणी काही केल्याचा उल्लेख नव्हता. टाइप होऊन आल्यावर मी ते दोन-तीनदा वाचलं आणि तसंच राहू दिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. त्यांनी त्याच पानावर बोट ठेवलं.

"ही अवस्था का नाही?"

मी सरांकडे बघितलं. सर आपल्या हातांकडे बघत होते.

"त्या काळातले नमुने उपलब्ध झाले नाहीत सर."

"हरकत नाही," परीक्षक म्हणाले. "पुढे कोणी तरी भरून काढेल. वस्ती तर आहेच ना तुमच्याकडे."

मी "हो" म्हटलं. का म्हटलं, मला आजही सांगता येत नाही. "नाही" म्हणायला एक श्वास लागला असता. सरांनीही दुरुस्ती केली नाही. मग चहा आला, चिवडा आला. परीक्षकांनी काम मेहनतीनं केल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

सर काही वर्षांनी निवृत्त झाले. नव्या लोकांना वटवाघळांत रस नव्हता. जागा हवी होती म्हणून ते कपाट व्हरांड्यात गेलं. मी एका कॉलेजात शिकवायला लागले होते. एकदा कामानिमित्त विभागात गेले तेव्हा कपाटाचे मागचे पाय वाळवीनं पोकळ झालेले दिसले आणि ते भिंतीला कललेलं होतं. वरचा कप्पा ओढून बघितला. काचा शाबूत होत्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या होत्या. कोणती स्लाइड कोणत्या दिवसाची, कोणत्या महिन्याची, काही वाचता येत नव्हतं. चिठ्ठीशिवाय त्या नुसत्या रंगीत काचा. तिथल्या तरुण लेक्चररनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला हव्यात का? नाही तर आम्ही टाकणार आहोत."

मी नको म्हटलं आणि कप्पा आत ढकलला.