मोटारीपुढचं निरांजन

आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. गावच्या शिबिरात मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, हा हिवाळा संपायच्या आत काढून टाका, नाहीतर डोळा हातचा जाईल. दुसऱ्या डोळ्यानं तिला तसंही माणसाची सावलीच तेवढी दिसायची. हे सत्तरच्या दशकातलं सांगते. आम्ही सांगलीला आणि आई वडूजच्या पुढं, माझ्या माहेरच्या गावी. भाऊ पलटणीत, त्यामुळं घरात ती आणि वहिनी अशा दोघीच.

अंतर म्हणाल तर फार नाही, पण आईला एसटी सोसत नव्हती. बसली की ओकाऱ्या सुरू. डोळ्याचं काम, ओकून ओकून थकलेलं माणूस दवाखान्यात कसं न्यायचं? शेवटी ती एवढ्यावर तयार झाली की जावयाची मोटार येईल, ती पुढं बसेल आणि काच उघडी राहील.

आमची मोटार म्हणजे जुनी विलायती गाडी. कुणाच्या तरी बंगल्यामागं सडत पडलेली. आमचे हे कुपवाडला एका कारखान्यात फिटर होते, त्यांनी ती खोलून, घासून पुन्हा रस्त्यावर आणलेली. तिच्यात रेडिएटरमागं चार पात्यांचा लोखंडी पंखा होता, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. त्याचं एक पातं तुटलं. नवं कुठं मिळेना. तीन पात्यांवर पंखा थरथरायला लागला म्हणून ह्यांनी त्याच्या समोरचंही पातं कापून टाकलं. थरथर थांबली, वाराही निम्मा झाला. तशाच गाडीनं आम्ही आईला आणायला गेलो आणि तिला घेऊन परत येताना वडूज सोडल्यावर पहिल्याच चढाला पाणी उकळलं. ह्यांनी फडकं धरून रेडिएटरचं झाकण सैल केलं तशी वाफ फुस्सकन वर गेली. आई उतरली ती बाभळीखाली जाऊन बसली, आणि गावाकडं निघालेली एक बैलगाडी दिसली तिच्यात चढली.

"देवाच्या मनात न्हाई," एवढंच म्हणाली.

मग ह्यांनी विजेवरच्या पंख्याचा शोध घेतला. कुपवाडच्या एका भंगारवाल्याकडं मोडीत निघालेल्या नव्या बनावटीच्या गाडीचा पंखा मिळाला, मोटरसकट. जुना पंखा काढून टाकला, पण त्या जागी हा बसेना, म्हणून रेडिएटरच्या पुढच्या अंगाला, जाळीच्या आत बसवायचा ठरलं. कारखान्यातून लोखंडी पट्ट्या वाकवून आणल्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे मधे घातले, म्हणजे पंख्याच्या थरथरीनं रेडिएटर फाटू नये. वायरींची टोकं मी विळीवर सोलून दिली. बटणाच्या आणि पंख्याच्या मधे हॉर्नची रिले टाकली. ती कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, एवढ्याशा बटणातून पंख्याचा करंट नेला तर ते जळेल. मी मनाशी असं समजून घेतलं की बटणानं दारातून नुसती हाक मारायची, घागर उचलायचं काम रिलेचं.

"लाल कुठं आणि काळी कुठं?"

"लाल रिलेला, काळी बॉडीला. गाडीची बॉडी म्हणजे मायनस. सगळीकडं तीच रीत."

बटण दाबल्यावर पंखा घुमायला लागला. हे म्हणाले, "पुढं उभी राहून बघ, वारा येतोय का."

मी जाळीपुढं उभी राहिले. पदर हलला. "येतोय की, चांगला येतोय," म्हटलं. आपल्याकडं पंखा वारा घालतो असंच म्हणतात. वारा आला म्हणजे पंखा चालला, ह्यापलीकडं कुणाचं डोकं जात नाही. आम्ही दोघंही खूश होऊन चहा प्यायलो.

रविवारी सकाळी निघालो. पाणी किती तापलं त्याचा काटा बघायचा आणि चढला की बटण दाबायचं, हे काम माझ्याकडं. तासगाव, विटा सुरळीत गेलं. विट्याच्या पुढं चढाला काटा सरकला, मी बटण दाबलं. काटा खाली यायच्या ऐवजी आणखी वर गेला. ह्यांनी गाडी कडेला घेतली, थंड होऊ दिली, पुन्हा निघालो. असं दोनदा केलं. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "मामींच्या समोर ह्यातलं काही काढू नकोस."

आई गाठोडं बांधून उंबऱ्यात बसली होती. आवाजावरून तिनं गाडी ओळखली.

"आलासा व्हय, पावणं? आता सांगून ठिवते, उकळली की मी असंल तिथं उतरणार."

"न्हाई उकळत, मामी. नवा पंखा बसवलाय."

ह्यांनी इंजिन चालू ठेवलं होतं, पंखाही. त्यांना कानानं काहीतरी अंदाज घ्यायचा होता. तेवढ्यात आई ताम्हन घेऊन आली. बेंदराला बैलाला ओवाळतात तसं गाडीला ओवाळूनच ती पाय आत ठेवणार होती. वहिनीनं तिला हाताला धरून जाळीसमोर उभं केलं. आईनं ताम्हन उचललं आणि निरांजन विझलं.

वहिनीनं काडी ओढली, पुन्हा लावलं. पुन्हा विझलं.

आईनं ताम्हन वहिनीच्या हातात दिलं. "दिवा न्हाई म्हणतोय. म्या काय यायची न्हाई."

"आवं आत्याबाई, वाऱ्यानं विझला."

"वारं कुठनं आणलंस गं? लिंबाचं पान हलंना झालंय."

हे बॉनेटला हात लावून उभे होते. त्यांनी लिंबाकडं बघितलं, मग निरांजनाकडं. "वहिनी, एक उदबत्ती आणता?"

उदबत्ती जाळीपुढं धरली. धूर आत जायला हवा होता. तो सरळ आमच्या तोंडावर आला.

"मोटार वारा आत घेतच न्हाई," हे म्हणाले. "बाहेर फुंकतीया."

त्यांनी बॉनेट उघडलं आणि बॅटरीपासून एकेक वायर बोटानं चाचपत नेली. जुन्या विलायती गाडीत प्लसची जाड वायर थेट बॉडीला जोडलेली होती. मायनस आत, प्लस बॉडीला. म्हणजे आमच्या लाल-काळीची अदलाबदल झाली होती आणि मोटर उलटी फिरत होती. पुढचा गार वारा रेडिएटरमधून इंजिनाकडं ओढायच्या ऐवजी पंखा इंजिनाचीच धग रेडिएटरमधून बाहेर ढकलत होता. सांगलीत माझा पदर हलला तो ह्यामुळंच.

वहिनीला कारण कळलं की नाही कोण जाणे, तिला उलटा एवढा शब्द पुरला. "सासुरवाडीला आलं की जावयाचं समदं उलटंच फिरतं," म्हणाली. हे चाकूनं वायरीवरची चिकटपट्टी सोडवत होते, मान वर न करता म्हणाले, "तुमच्या नवऱ्याला विचारा, माझ्या घरी आला की काय होतं त्याचं."

लाल वायर बॉडीला, काळी रिलेला. पाचेक मिनिटांचं काम. पण आईला वायरींचं काय? ती गाठोडं घेऊन आत निघाली होती. मी तिला दंडाला धरून परत आणलं. "आणखी एकदा ओवाळ. विझलं तर ऱ्हा घरी, मी काही म्हणणार नाही."

हे मी बोलून गेले खरं, पण विझलं असतं तर तो डोळा गेलाच असता, तिला मी ओळखते.

ह्यांनी पंखा पुन्हा चालू केला आणि मला आईला घेऊन जरा मागं उभं राहायला खुणावलं. वहिनीनं पुन्हा निरांजन लावून दिलं, आईनं ताम्हन धरलं, थोडं लांबच धरलं. ज्योत आडवी झाली, जाळीच्या दिशेनं वाकली, फडफडली, पण राहिली.

"कशी हाय?" आईनं विचारलं. तिला कुठं दिसत होतं.

"गाडीकडं वाकलीय," वहिनी म्हणाली.

"मग आत बोलावतोय," आई म्हणाली आणि पुढचं दार चाचपायला लागली.

वाटेत चढ आला की काटा वर जायचा, बटण दाबलं की सावकाश उतरायचा. आईचं तोंड खिडकीबाहेर. दर चढाला एकच प्रश्न, "उकळली का?" ह्यांचं एकच उत्तर, "न्हाई, मामी." मिरजेला आम्ही उन्हं कलायच्या आत पोचलो.

ऑपरेशन झालं. त्या वेळी डोक्याला दोन्हीकडून उशा लावून हलायचं नाही अशी तंबी असायची, आईनं ती पाळली. पुढं जाड भिंगाचा चष्मा आला. आमच्या सांगलीच्या घरात, खिडकीपाशी बसून तिनं तो पहिल्यांदा घातला. आधी भिंत बघितली, मग स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले, मग माझ्याकडं बघत राहिली.

"केस पिकलं की गं तुझं. कवापास्नं?"

"बरीच वर्षं झाली."

"मला कुनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली, आणि मला जवळ बसवून भांग सारून बघायला लागली.