प्राजक्ताची फाइल

नल्लकुंट्यातल्या वंध्यत्वाच्या दवाखान्यातले सर्व्हर प्राजक्ता नऊ वर्षं एकटीच सांभाळत होती. नवऱ्याची, शशिकांतची, पुण्याला बदली झाली, पण तिला काही सुटता येईना. शेवटी तिने डॉक्टर हिम्मतरावांना सुचवलं, "पेशंटच्या सगळ्या फाइली पब्लिक क्लाउडवर नेऊ या. बाहेरची कंपनी तिच्या सर्व्हरवर सांभाळेल, इथे माझी गरज उरणार नाही."

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "तुमची स्वतःची फाइल बाहेर पाठवाल?"

तिचेही उपचार तिथेच झाले होते आणि सासरी कुणाला ठाऊक नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग प्रायव्हेटच ठेवू, आपल्याच खोलीत. तुम्ही आहातच ना."

प्राजक्ताने शशिकांतला फोन लावला. "इतक्यात जमणार नाही," एवढंच सांगून ती सर्व्हरच्या गार खोलीत परतली.