चाक कुठेही घासता कामा नये

अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात 'चालतंय' या शब्दाशी उघड वैर धरलेला एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि तेवढ्या काळात त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू उरल्या, घासणाऱ्या आणि न घासणाऱ्या. एकदा पंपाचा दांडा किंचित घासतोय म्हणून त्यांनी साहेबांच्या तोंडावर प्लँट बंद केला. साहेब म्हणाले, अहो, आजची पाळी फुकट जाईल. हे म्हणाले, जाऊ दे, पंप राहील. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण शर्टाच्या खिशातलं व्हर्नियर कॅलिपर काही सुटलं नाही. जाडी मोजायचं ते पोलादी हत्यार खिशात घेऊन हा माणूस लग्नाच्या पंगतीला बसतो आणि पुरी टम्म फुगली नसेल तर त्याचा हात खिशाकडे जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे दारं फुगतात. ती खांद्याने ढकलायची आणि दिवाळीपर्यंत वाट पाहायची, अशी सगळ्या गावाची रीत. पण आमच्या घराच्या वास्तुशांतीला हे आले, दार फरशीला खर्रकन घासलं आणि हे उंबरठ्यावरच थांबले. भटजी आत ताटकळत बसलेले, पाहुणे छत्र्या मिटून पडवीत उभे, आणि साडूंनी दार बिजागरीतून काढून अंगणात आडवं घातलेलं. रंधा कुठून आणला देव जाणे. माझी बायको रडकुंडीला आली, तर तिलाच म्हणाले, "अगो, शांत नवीन घराची करायची ना? मग आधी ह्या दाराची करूया." आज ते दार बोटाने ढकललं तरी उघडतं. त्या दिवशी जेवायला साडेतीन वाजले, तेही आमच्या लक्षात आहे.

अशा माणसाच्या आयुष्यात मोटारीची चाकं यावीत आणि त्याने ती गुपचूप बसवून घ्यावीत, हे होणं शक्य नव्हतं. त्यांची गाडी अकरा वर्षांची. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने तिच्या लोखंडी रिमा गंजल्या होत्या, त्यातली एक महामार्गावरच्या खड्ड्यात वाकली. मुंबईहून मुलाचा फोन आला की आता खर्च करू नका, गाडी विका, तुमचं वय सत्तर झालंय, रिक्षा दाराशी येते. मुलगा वाईट नाही. काळजीनेच बोलला. पण साडूंनी फोन ठेवला आणि त्याच पावली टायरवाल्याकडे जाऊन सांगितलं की मला अलॉयची चाकं हवीत, आणि तीसुद्धा एक इंच मोठी.

टायरवाल्याने एक संच दाखवला आणि तो चुकीचं बोलून गेला. म्हणाला, "बसेल काका. वळताना थोडं घासेल, सगळ्यांचंच घासतं." त्या एका वाक्याने पुढचे दोन महिने आम्हा सगळ्यांच्या झोपा उडाल्या. साडू घरी आले ते वही घेऊनच. चाक मोठं घेतलं की टायरची भिंत बुटकी घ्यायची, म्हणजे बाहेरचा घेर तेवढाच राहतो, हे मला तेव्हा कळलं. चारही बोल्टांची भोकं जुळली म्हणजे चाक बसलं असं नव्हे, मधलं भोकसुद्धा तंतोतंत लागतं, हेही कळलं. आणि सगळ्यांत अवघड तो ऑफसेट, म्हणजे चाक किती आत आणि किती बाहेर बसणार तो हिशेब. जास्त आत गेलं तर गाडीच्या सांध्यांना लागणार, जास्त बाहेर आलं तर वरच्या पत्र्याला. हे सगळं मला पोह्यांच्या बशीभोवती चमचा फिरवून समजावलं गेलं. पोहे गार झाले. मी मान डोलावत राहिलो, कारण न डोलावल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

हा सगळा हट्ट कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. ताईचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे गेलेत. ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून आत जाते, आत जाण्यापुरती चालते. रोज संध्याकाळी साडू तिला गाडीत बसवून मांडवीला न्यायचे. गाडी समुद्राकडे तोंड करून लावायचे आणि ती काच खाली करून तासभर बसायची. बोलायची काही नाही. मी एकदा म्हटलं, दादा, रिक्षानेही जाता येईल की. तर माझ्याकडे बघून म्हणाले, "मेल्या, रिक्षावाला थांबेल काय तासभर? आणि थांबला तर सारखा घड्याळात बघेल. ती लगेच चला म्हणेल. मला ठाऊक आहे ती." त्यानंतर मी मुलाची बाजू घेणं सोडून दिलं.

चाकं आली. चाचणीसाठी आम्हाला जेवायचं आमंत्रण आलं आणि फोनवरच प्रत्येकाचं वजन विचारून झालं. सुरमई, सोलकढी, वर दोन दोन वेळा आग्रह. इतका आग्रह साडूंनी आयुष्यात कधी केला नव्हता, त्याचं कारण जेवण झाल्यावर समजलं. माझी बायको, मी, शेजारचे दोघे धष्टपुष्ट भाऊ, असे चौघे गाडीत कोंबले गेलो आणि डिकीत आंब्याच्या पेट्या भरल्या. चाकावरच्या पत्र्याला आतून साडूंनी ओला गेरू फासला होता, टायर कुठे लागलाच तर त्यावर तांबडं उमटावं म्हणून. मग ते बाहेर उभे राहिले, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं आणि आम्हाला म्हणाले, "आता उड्या मारा." सुरमई पोटात असताना बसल्या जागी उड्या मारणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. टायरवर गेरूचा ठिपकाही नव्हता. साडूंनी छाती पुढे काढली.

तेवढ्यात माझ्या बायकोने मागच्या सीटवरून विचारलं, "पण भावोजी, तुम्ही कुठे बसलात?"

साडूंनी सगळ्यांची वजनं विचारली होती, स्वतःचं धरायचं राहिलं होतं. जन्मभर यंत्राच्या बाहेर उभं राहून काम केलेला माणूस, यंत्रात स्वतःला मोजायची त्याला सवयच नव्हती. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, स्टिअरिंग उजवीकडे टोकाला नेलं, आम्ही पुन्हा उड्या मारल्या, आणि उजव्या टायरवर नखाएवढी तांबडी रेघ उमटली. शेजाऱ्यांपैकी एक भाऊ म्हणाला, एवढं चालतंय की काका. त्याला पुढे कधी जेवायला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी चाकं परत गेली आणि पाच मिलिमीटर आत बसणारी दुसरी मागवली गेली. टायरवाल्याने हात जोडले, साडूंनीही उलट जोडले, पण ऐकलं नाही.

मे महिन्यात मुलगा आला. नवी चाकं बघून आम्हा नवराबायकोसमोरच चिडला. साडूंनी त्याच्यासमोर चावी धरली आणि म्हणाले, "तू बस, तुझी आई बसेल, हे दोघं बसतील, डिकी भर. मांडवीपर्यंत जाऊया. कुठे एकदा जरी घासलं, तर ही चावी तुझी. मग मी बोलणार नाय." ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. सगळ्या वाटेभर आम्ही चाकांकडे कान लावून बसलो. उतार झाला, वळणं झाली, गतिरोधक एकामागून एक गेले, आणि गाडीखालून रस्त्याच्या आवाजाखेरीज काही आलं नाही. मांडवीला पोचल्यावर मुलगा उतरला, चाकाशी वाकून बघितलं आणि म्हणाला, बाबा, चालवा. एवढंच म्हणाला. साडू त्या दिवशी जिंकले आणि जिंकल्याचं त्यांनी सगळ्या आळीला ऐकवलं.

मग दिवाळीनंतर एका दुपारी ते एकटेच आमच्याकडे आले. चहा घेतला. मग चावी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. म्हणाले, परवा वळणावर समोरचा स्कूटरवाला त्यांना दिसलाच नाही. तो ब्रेक मारून वाचला. डॉक्टरांना विचारलं नव्हतं, मुलाला सांगितलं नव्हतं, ताईलाही नाही. ठरवलं ते त्यांनी एकट्याने. "माझ्याकडून कुणी काढून घेतलेली नाय हां," ते म्हणाले, "मी देतोय. गाडी चोख आहे. डोळ्यांचं बघू काय ते. तू येत जा संध्याकाळी." चावी उचलताना फार वाईट वाटलं.

आता रोज साडेपाचला मी जातो. मी पुढे बसतो आणि ते दोघं मागे. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण गाडीत स्टिअरिंग सोडून तिच्या शेजारी ते पहिल्यांदाच बसतात. वाटेत मला सूचना असतातच, गिअर कधी बदल, गतिरोधक कसा घे. मांडवीला पोचल्यावर मात्र सूचना थांबतात. ताई काच खाली करते, आणि ते तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहतात.