कॉर्मकच्या रचनेतला तानपुरा

टॅक्सी खाली येऊन उभी राहिली तरी आईने बंदिश अर्धवट सोडली नाही. बाबा जिन्यात बॅगांशी झटापट करत होते, मी तानपुरा छेडत होते आणि आई डोळे मिटून निवांत गात होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "पोचलीस की फोन कर," आणि थेट स्वयंपाकघरात गेली. खाली काही आली नाही.

माझ्या जाण्याने तिचं गाणं बंद पडेल असं मात्र मला वाटलं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन दिला होता ना! "ते यंत्र नुसतं वाजतं गं, ऐकत नाही," म्हणाली. आधी रियाज सुटला, मग शिकवण्या. फोनवर विषय काढला की तिला नेमकी गॅसवरची भाजी आठवायची.

इकडे परदेशात वुडलँड्सचा फ्लॅट, ऑफिस, एमआरटी मेट्रोतली ये-जा. मिरजेचा छोटा तानपुरा आणला होता, तो कपाटाशेजारी उभा. त्याला बाहेर काढलं ते कॉर्मकने. हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा संगीतकार, लग्न करून इथेच, मरीन परेडला स्थायिक झालेला. व्हायोलिन-चेलोच्या नव्या रचनेत त्याला तानपुरा हवा होता. प्रत्येकाचा सूर न् सूर कागदावर लिहिणारा माणूस! माझ्या ओळीत काय लिहू, म्हणाला. मी म्हटलं, काही नको, मी सगळ्यांच्या आधी सुरू करते.

रचना त्याच्या गावावर होती. माणसं गाव सोडतात तशी एकेक वाद्य गप्प होत जायचं. पहिल्या तालमीत शेवटचं व्हायोलिन थांबलं, कॉर्मकचा हात खाली आला, आणि मी आपली वाजवतेच आहे! आमच्याकडे गाणारा हात जोडेपर्यंत तानपुरा थांबवत नाहीत. इथे गाणारंच कुणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे तसंच," कॉर्मक म्हणाला. नंतर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी ही इथली कॉफी पिताना सांगू लागला, त्याची आई भांडी घासताना गायची. हा जगभरचे आवाज गोळा करत हिंडला, तिचा तेवढा गोळा करायचा राहिला. तो इथे असतानाच ती गेली. "तुझी आई गाते ना?"

"गायची," मी म्हटलं.

रविवारी दुपारी आईला व्हिडिओ कॉल लावला. फोनला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते, तो गाळून टाकतो; ती सेटिंग आधी बंद केली. आवाज उशिरा पोचतो, पण तानपुऱ्याला ताल नसतो, त्यामुळे बिघडत नाही. काही न बोलता छेडायला लागले.

आईने मान कलती करून ऐकलं. मग म्हणाली, "पंचम उतरलाय. आधी नीट लाव."

लावला. एकदम चित्र हललं, छत दिसलं, मला वाटलं फोन ठेवला. मग दिसला तिचा पांढरा अंबाडा आणि पाठ. तानपुऱ्यावर साथ करणारा गाणाऱ्याच्या मागे बसतो, म्हणून तिने फोन आपल्या मागे ठेवला होता. तिने सा लावला. घोगरा, थरथरता. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिला दिसायचा प्रश्नच नव्हता.

घर कुठे, असं इथे कुणीही विचारतं, आणि मी सवयीने कोथरूड सांगते. खरं तर आई गात असताना तिच्या पाठीमागे जेवढी जागा असते, तेवढंच आता माझं घर आहे.